रिकाम्या खुर्चीचं वजन

सेस्ना १५२ या विमानात दोनच माणसं बसतात, तीही खांद्याला खांदा लागेल अशी. डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे इन्स्ट्रक्टर. बरेच तास असे जोडीनं गेल्यावर एके सकाळी सलग तीन-चार लँडिंग नीट होतात. मग इन्स्ट्रक्टर विमान बाजूला थांबवायला सांगतो, उतरतो, आपल्या मागे राहिलेला पट्टा रिकाम्या खुर्चीवर आवळून बांधतो (सैल राहिला तर कंट्रोलमध्ये अडकायचा) आणि म्हणतो, "एकच सर्किट मार, पट्टीभोवती एक फेरी. मी इथंच उभा आहे."

विमान तेच, पट्टी तीच, हवाही तीच. तरी थ्रॉटल पुढे केल्यावर विमान नेहमीपेक्षा आधी जमीन सोडतं. एक हजार फुटांची उंची येईपर्यंत एरवी जिथे पोचायचं, त्याच्या किती तरी अलीकडेच ती उंची येते. हे सगळं सुखद असतं. खरी अडचण परत येताना होते. विमान खाली बसायलाच तयार होत नाही. पट्टीच्या वर हात-दोन हात तरंगत राहतं, मग आपटतं, उसळतं, पुन्हा आपटतं. सोलो, म्हणजे एकट्यानं केलेल्या, सरावातले कितीतरी लँडिंग अपघात याच क्रमानं होतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'धावपट्टीवरून विमान घसरले' एवढी एकच ओळ येते. घसरणं हा या गोष्टीचा शेवट असतो. सुरुवात त्याच्या एक-दीड किलोमीटर आधी झालेली असते.

पंचाहत्तर किलो कमी

सेस्ना १५२चं कमाल वजन ७५७ किलो. म्हणजे बहुतेक चारचाकी गाड्यांपेक्षाही कमी. त्यातून पंचाहत्तर किलोचा इन्स्ट्रक्टर उतरला की दहा टक्के वजन गेलं. मोठ्या प्रवासी विमानातून एक माणूस उतरला तर कुणाला पत्ताही लागणार नाही. इथे मात्र विमानाचा स्वभावच बदलतो.

तो कसा बदलतो हे कळायला पंख कसं काम करतो ते थोडक्यात पाहू. पंख हवेला खाली ढकलतो आणि त्या बदल्यात हवा पंखाला वर उचलते. ही उचल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : विमानाचा वेग, आणि येणाऱ्या हवेशी पंखानं केलेला कोन. वेग कमी झाला तर कोन वाढवून, म्हणजे नाक थोडं वर घेऊन, तेवढीच उचल मिळवता येते. पण याला मर्यादा आहे. साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेलं की पंखाच्या वरच्या अंगानं वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते, आणि उचल एकदम कोसळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी याचा संबंध नाही. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही स्टॉल होऊ शकतो.

वजन कमी म्हणजे तोलायला उचलही कमी लागणार. त्यामुळे स्टॉल होण्याचा वेगही खाली येतो. वजन दहा टक्के घटलं तर हा वेग सुमारे पाच टक्के घटतो. विद्यार्थ्याला मात्र शिकवलेलं असतं की फायनलवर, म्हणजे पट्टीच्या रेषेत आल्यावर, वेगाच्या काट्यावर ६० नॉट धरायचे. तो इमानेइतबारे ६० नॉट धरतो. जड विमानासाठी तो वेग बरोबर होता. हलक्या विमानासाठी थोडा जास्त आहे. त्यात एकटं असल्याच्या धास्तीनं हात आणखी पाच नॉट राखून ठेवतो. वेग जास्त म्हणजे सुरक्षित, असं मनात बसलेलं असतं. आकाशात ते बऱ्याच अंशी खरंही आहे.

दोन्ही शून्य, एकाच जागी

उतरताना विमानापाशी दोन प्रकारची ऊर्जा शिल्लक असते : उंचीची आणि वेगाची. लँडिंग म्हणजे ही दोन्ही खाती एकाच वेळी, एकाच ठिकाणी रिकामी करणं. उड्डाण करताना असं बंधन नसतं. वेग आला की विमान आपोआप उठतं, दहा मीटर अलीकडे की पलीकडे याला महत्त्व नाही.

वेगाची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, आणि हिशोब नेमका इथेच फसतो. वेग दहा टक्के जास्त असेल तर ऊर्जा एकवीस टक्के जास्त. साठ नॉट म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३१ मीटर. ही जास्तीची ऊर्जा हवेच्या रोधानं विरेपर्यंत जितके सेकंद जातील, तितक्या सेकंदांत दर वेळी तीस मीटर पट्टी पायाखालून निघून जाते. चार सेकंद तरंगलं तर सव्वाशे मीटर गेले.

आणि नेमका त्याच जागी हवेचा रोधही कमी होतो. पंखाच्या टोकांशी खालची हवा वळसा घेऊन वर येते, भोवरे तयार होतात, आणि त्या भोवऱ्यांत बरीच ऊर्जा जाते. जमीन जवळ आली की या भोवऱ्यांना फिरायला जागा उरत नाही. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढी लांबी, तेवढ्या उंचीच्या खाली आलं की हा परिणाम सुरू होतो. सेस्ना १५२च्या बाबतीत ती लांबी सुमारे दहा मीटर. शेवटच्या दोन-तीन मीटरांत तो चांगलाच जाणवतो. वैमानिक याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. थोडक्यात, ज्या क्षणी वेग लवकर कमी व्हायला हवा, त्याच क्षणी विमान त्याला धरून बसतं. हलकं विमान तर जास्तच.

उजव्या खुर्चीत इन्स्ट्रक्टर असता तर तो एवढंच म्हणाला असता, "होल्ड ऑफ, होल्ड ऑफ... घाई नको." म्हणजे विमानाला खाली बसवायचा प्रयत्न करू नकोस, ते जमिनीलगत ठेव, वेग जाऊ दे, ते आपणहून बसेल. एकट्या विद्यार्थ्याला मात्र समोर पट्टीचं दुसरं टोक जवळ येताना दिसतं. हात नकळत पुढे जातो. नाक खाली.

उसळी कुठून येते

विमानाची उसळी ही टायरच्या रबरामुळे येते असा सर्वसाधारण समज आहे. थोडी टायरमुळे येते, थोडी सेस्नाच्या मागच्या पायांच्या पोलादी नळ्यांमुळे. त्या वाकतात आणि परत उघडतात. पण मोठी, धोक्याची उसळी पंख देतो.

या विमानाची दोन मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या थोडी मागे असतात, एक चाक नाकाखाली. नीट लँडिंगमध्ये मुख्य चाकं आधी टेकतात. ती गुरुत्वमध्याच्या मागे असल्यामुळे टेकताच नाक खाली यायला बघतं, पंखाचा कोन कमी होतो, उचल कमी होते, विमान बसतं. रचनाच अशी केलेली आहे की चाक टेकलं की उड्डाण संपावं.

घाईनं नाक खाली दाबलं तर क्रम उलटतो. नाकाचं चाक आधी आपटतं. आता धक्का गुरुत्वमध्याच्या पुढे बसला, म्हणून नाक वर उडतं. पंखाचा कोन एकदम वाढतो आणि वेग तर अजून उडण्याइतका आहेच. विमान पुन्हा हवेत. या वेळी नाक वर, वेग मात्र झपाट्यानं घटणारा.

इथून पुढचे तीन-चार सेकंद महत्त्वाचे. विद्यार्थ्याला विंडशील्डमध्ये पट्टीऐवजी आकाश दिसतं. तो दचकून नाक खाली ढकलतो. पण डोळ्यांनी पाहून हातानं हालचाल करेपर्यंत आणि विमानानं ती ऐकेपर्यंत अर्धा-एक सेकंद गेलेला असतो. तेवढ्यात विमान स्वतःच नाक खाली घालू लागलेलं असतं. म्हणजे विद्यार्थ्याचा रेटा विमानाच्या हालचालीला विरोध करायला निघालेला असतो, पण पोचतो तिला साथ द्यायला. झोक्यावर बसलेल्या पोराला मागून नेमक्या वेळी हात लावला की झोका दर खेपेला उंच जातो, तेच इथे होतं. फरक एवढाच की झोका देणाऱ्याला आपण तो थांबवतोय असं वाटत असतं. दुसरी आपट पहिलीपेक्षा मोठी, तिसरी त्याहून मोठी. इंग्रजीत याला डुबक्या मारत पोहणाऱ्या एका समुद्री प्राण्यावरून पॉर्पॉइझिंग म्हणतात. आपल्याकडच्या क्लबांत नुसतं 'बाउन्स' म्हटलं तरी काय झालं ते सगळ्यांना कळतं.

दुसऱ्या-तिसऱ्या आपटीला नाकाचा पाय हार मानतो. तो ज्या पत्र्याला धरलेला असतो त्याला फायरवॉल म्हणतात. इंजिन आणि माणसं यांच्यामधली ती भिंत. जोरात लँडिंग झालं असा संशय आला की मेकॅनिक सगळ्यात आधी उकिडवा बसून तिथेच पाहतो : पत्र्याला सुरकुती आली आहे का, रिव्हेटच्या कडेला रंग तडकलाय का. मग प्रोपेलरची टोकं बघतो. टोक नुसतं जमिनीला लागून वळलं असलं तरी प्रकरण मोठं होतं, कारण फिरतं प्रोपेलर अचानक अडलं की तो हिसका थेट इंजिनाच्या क्रँकशाफ्टला जातो. मग इंजिन उघडून तपासावं लागतं. वरून पाहणाऱ्याला विमान जवळपास धडधाकट दिसतं आणि 'एवढ्याशासाठी महिनोन्महिने जमिनीवर का?' असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर हे.

चौकट : उसळी आलीच तर
लहान उसळी असेल तर नाक खाली ढकलायचं नाही. लँडिंगला जसं धरलेलं होतं तसंच नाक धरून ठेवायचं, किंचित थ्रॉटल द्यायचा आणि विमानाला पुन्हा हळू बसू द्यायचं.
उसळी मोठी असेल, किंवा दुसरी उसळी येत असेल, तर विचार न करता पूर्ण थ्रॉटल आणि गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून परत वर. पट्टी कुठे पळून जात नाही.
उसळीचा पाठलाग कंट्रोलनं करायचा नाही. हात विमानाच्या मागेच राहतो.

माळव्याची हवा आणि वेगाचा काटा

हेच सगळं आता माळव्याच्या पठारावर पाहू.   पवारांचं धार, पवारांचंच देवास, होळकरांचं इंदूर. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही, आणि विमान शिकणाऱ्यांनाही नाही : इंदूरला मध्य प्रदेश फ्लाइंग क्लब आहे, बारामती, धुळे, गोंदियाकडून येणारी मुलंही कधी ना कधी माळव्यावरून उडतात.

हे पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. उंचावर हवा विरळ, आणि तापली की आणखी विरळ. मे महिन्यात दुपारी चाळीस अंशांवर इथली हवा पंखाला आणि इंजिनाला सुमारे सोळाशे मीटर उंचीवरच्या प्रमाणित हवेसारखी वाटते. म्हणजे विमान उभं आहे माळव्यात, पण वागतंय डोंगरावर असल्यासारखं. इंजिनाला श्वास कमी मिळतो, चढाई मंदावते.

लँडिंगमध्ये याचा जो घोळ होतो तो जरा बारकाईनं पाहण्यासारखा आहे. विमानातला वेगाचा काटा खरा वेग मोजत नाही; समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून वेग दाखवतो. हवा विरळ झाली की तेवढाच दाब यायला विमानाला जास्त जोरात जावं लागतं. चाळीस अंशांत, या पठारावर, काटा ६० दाखवत असताना विमान प्रत्यक्षात ६५च्या आसपास जात असतं. पंखालाही तोच दाब लागतो, त्यामुळे स्टॉल काट्यावरच्या ठरल्या आकड्यालाच होतो. म्हणून वैमानिकानं काट्यावरच विश्वास ठेवायचा असतो. पण डोळा? त्याला जमीन नेहमीपेक्षा वेगानं मागे पळताना दिसते. मुंबईच्या किनाऱ्याजवळ थंडीच्या सकाळी शिकलेल्या डोळ्याला वाटतं, आपण फार जोरात येतोय. तो नाक वर घेतो, काटा पन्नासकडे सरकतो आणि विमान जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर स्टॉलच्या जवळ जातं. उलट, जो काट्याला धरून राहतो त्याचं विमान चाकं टेकताना सतरा टक्के जास्त ऊर्जा घेऊन येतं. तेवढी पट्टी जास्त लागते, तेवढे ब्रेक जास्त तापतात. यांत चूक कुणाचीच नाही. हवा तशी आहे. पण कमी लांबीच्या जिल्हा धावपट्टीवर हा फरक कागदावरचा राहत नाही.

माळव्याची काळी जमीन आणखी एक गंमत करते. पेरणीआधी नांगरून टाकलेलं काळं शेत उन्हात भराभर तापतं आणि त्यावरची हवा वर चढू लागते. शेजारी कालव्याच्या पाण्यावर हिरवंगार पीक असेल तर तिथली हवा थंड, स्थिर किंवा किंचित खाली येणारी. फायनलवर विमान काळ्या शेतावरून जाताना वर उचललं जातं. विद्यार्थी थ्रॉटल मागे घेतो. पुढच्याच क्षणी हिरवं शेत येतं, विमान बसू लागतं आणि थ्रॉटल तर मागे घेतलेला. पट्टी अजून पाचशे मीटर लांब. म्हणून उन्हाळ्यात सोलो सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत उरकतात. अनुभवी इन्स्ट्रक्टर तर पट्टीच्या तोंडाशी कोणतं शेत नांगरलंय तेही ध्यानात ठेवतात.

अलीकडची पट्टी रुंद, पलीकडची अरुंद

आता डोळ्याचाच दुसरा फसवा खेळ. जमीन किती खाली आहे हे आपण कशावरून ओळखतो? बरंचसं पट्टीच्या आकारावरून. मोठ्या विमानतळाची पट्टी ४५ मीटर रुंद असते. तिच्यावर हात बसलेला विद्यार्थी एखाद्या लहान पट्टीवर, वीस-पंचवीस मीटर रुंदीच्या डांबरावर उतरायला आला, की ती अरुंद पट्टी त्याला दूरची वाटते. म्हणजे आपण अजून उंच आहोत असं वाटतं. तो खाली येतो, हवा तितका थांबत नाही आणि नाक वर घ्यायच्या आतच चाक टेकतं. उलट क्रमात, अरुंद पट्टीवर शिकून रुंद पट्टीवर गेलं, तर जमीन जवळ आल्याचा भास होतो आणि तीन-चार मीटर उंचीवरच विमान थांबवलं जातं. तिथून ते बसत नाही, पडतं.

यावर उपाय म्हणून नजर समोरच्या डांबरावर न ठेवता पट्टीच्या दूरच्या टोकाकडे ठेवायला शिकवतात. जवळ बघितलं की सगळं धावतं, काही अंदाज येत नाही. दूर बघितलं की क्षितिज वर-खाली होताना दिसतं आणि विमान किती बसतंय ते कळतं.

आडव्या वाऱ्याबद्दल इथे थोडंच सांगतो, त्यावर वेगळा लेख होईल. सेस्ना १५२च्या पुस्तकात १२ नॉटपर्यंतच्या आडव्या वाऱ्यात उतरून दाखवल्याची नोंद आहे. विमान वाऱ्याकडे थोडं तोंड करून येतं आणि चाकं टेकायच्या आधी ते पट्टीच्या रेषेत सरळ करावं लागतं. चूक बहुधा टेकल्यानंतर होते. चाकं टेकली की विद्यार्थ्याला 'झालं एकदाचं' असं वाटतं, पाय सैल पडतात. मागचं उभं शेपूट वारा पकडतं, नाक वाऱ्याकडे वळतं आणि विमान पट्टीच्या कडेला. उन्हाळ्यात कडेला भेगाळलेली कडक माती असते, चाक उड्या मारत थांबतं. पावसाळ्यात तीच काळी माती नाकाचं चाक गिळते आणि विमान नाकावर उभं राहतं किंवा उलटतं. एकच चूक, दोन ऋतूंत दोन वेगळ्या बातम्या.

परत वर जाणं

या सगळ्यावर एक उपाय आहे आणि तो सोलोच्या आधीच शिकवला जातो. बेत जमत नाही असं वाटलं की थ्रॉटल पूर्ण पुढे करून परत वर जायचं. गो-अराउंड. हवेत पाच-सहा मिनिटं आणखी, पेट्रोल थोडं जास्त, बाकी काही नाही. तरीही मुलं तो घेत नाहीत, किंवा उशिरा घेतात.

पहिल्या सोलोनंतर डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची प्रथा जवळपास सगळ्या क्लबांत आहे. ते पाणी यशस्वी लँडिंगला मिळतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिल्याच सोलोत लँडिंग सोडून वर गेलेल्या मुलाला दोन बादल्या मिळायला हव्यात. पण खाली उभे असलेले मित्र, मोबाइलवर व्हिडिओ काढणारे वडील आणि एप्रनवर हात बांधून उभा असलेला इन्स्ट्रक्टर यांच्यासमोर विमान परत वर नेणं त्या वयात नापास झाल्यासारखं वाटतं.

दुसरं कारण यांत्रिक आहे आणि त्याची चर्चा कमी होते. गो-अराउंड दिसतो तितका सोपा नाही. फायनलवर विमान हळू येताना नाक वर राहावं अशी ट्रिम लावलेली असते आणि फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या हलत्या पट्ट्या, पूर्ण खाली असतात. अशात पूर्ण थ्रॉटल दिला की नाक झटकन वर जातं आणि प्रोपेलरच्या जोरानं डावीकडे वळतं. इन्स्ट्रक्टर बसलेला असताना विमान जड होतं, हे सगळं सावकाश व्हायचं, आणि तो न बोलता उजव्या रडरवर पाय ठेवायचा. आज तो पाय नाही. एका हातानं नाक दाबून धरायचं, उजव्या पायानं रडर द्यायचा, फ्लॅप ३० अंशांवरून आधी २० वर आणायचे, मग वेग आला की बाकीचे. घाबरून फ्लॅप एकदम वर घेतले तर उचल गेलीच. त्यामुळे काही अपघात लँडिंगमध्ये होत नाहीत. लँडिंग वाचवायला केलेल्या गो-अराउंडमध्ये होतात.

कमर्शिअल परवान्यासाठी आपल्याकडे २०० तास लागतात आणि त्यातले १०० तास विद्यार्थी स्वतः विमानाचा प्रमुख असला पाहिजे. सर्किटमध्ये एका तासात सात-आठ लँडिंग होतात. म्हणजे एकट्यानं केलेली शेकडो लँडिंग प्रत्येक वैमानिकाच्या गाठीशी असतात. रिकाम्या खुर्चीशिवाय वैमानिक तयारच होत नाही. पण उजव्या खुर्चीतल्या पायानं आजवर किती काम गुपचूप केलं, हे तो पाय गेल्याशिवाय विद्यार्थ्याला कळत नाही, आणि गंमत म्हणजे बऱ्याच इन्स्ट्रक्टरांनाही कळत नाही. सवयीनं पाय हलत असतो. चांगला इन्स्ट्रक्टर सोलोच्या आधीच्या तासांत पाय मुद्दाम जमिनीवर ठेवतो, हात मांडीवर. आणि विद्यार्थ्याच्या हातून उसळी मुद्दाम घडवून घेतो.

इंदापूरच्या शेतात

गो-अराउंडची सोयही कधी कधी नसते. २५ जुलै २०२२ रोजी सकाळी बारामतीहून सोलोवर निघालेलं एक सेस्ना १५२ इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. बावीस वर्षांची शिकाऊ वैमानिक एकटीच होती. ती किरकोळ दुखापतीवर बचावली. गावकरी धावले, तिला बाहेर काढलं. फोटोत विमानाची अवस्था पाहून 'वाचली कशी?' असं सगळ्यांनी म्हटलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली, तेव्हाही आतली माणसं जगली.

'वाचली कशी' याचं उत्तर बरंचसं पुन्हा वेगाच्या वर्गात आहे. पट्टी गाठता येत नसेल तर शिकवण अशी की शेत निवडा, वाऱ्याकडे तोंड ठेवा आणि जमेल तितक्या कमी वेगात, पण स्टॉल न होऊ देता, टेका. हे विमान ४० नॉटच्या, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरच्या आसपास टेकवता येतं. त्या वेगावरून पंधरा मीटरांत थांबलं तर अंगावर सरासरी दीड जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दीडपट, एवढाही भार येत नाही. खांद्याचा पट्टा नीट बांधला असेल तर माणूस तो सहज सोसतो. तेच ६० नॉटनं आपटून तेवढ्याच अंतरात थांबलं तर भार सव्वातीन जीच्या घरात जातो. आणि अंतर पाच मीटरच असेल, समोर बांध किंवा झाड आलं, तर दोन्ही आकडे तिपटीनं वाढतात. पंख, चाकं, इंजिनाचा सांगाडा मोडतो तेव्हा तो मोडतानाच ऊर्जा खात असतो. फोटोत विमानाचा चुराडा दिसतो. त्यातला काही भाग आतल्या माणसाऐवजी मोडलेला असतो. अट एकच : विमान उड्डाणात असताना टेकायला हवं, स्टॉल होऊन नाकावर कोसळायला नको. वीस मीटरांवरून नाकावर पडलेल्या विमानाला पंधरा मीटरांचा अवकाश मिळत नाही.

डांबरावरच्या रेघा

अशा अपघाताची चौकशी २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो. लहान विमानात काळी पेटी नसते. कॉकपिटमधलं बोलणंही रेकॉर्ड होत नाही, आणि सोलोत बोलायला तसंही कुणी नसतं. मग शेवटच्या सेकंदांत काय झालं ते कसं कळतं?

पट्टीवर पाहून. नाकाचा पाय मोडला की फिरतं प्रोपेलर डांबरात आडव्या रेघा कोरत जातं. प्रत्येक पात्याची एक रेघ. दोन रेघांमधलं अंतर टेपनं मोजतात आणि साधा भागाकार करतात. समजा विमान सेकंदाला २५ मीटर जात होतं. इंजिन मिनिटाला हजार फेरे, म्हणजे जवळपास मंद चालीवर असेल, तर दोन पात्यांच्या प्रोपेलरच्या सेकंदाला तेहेतीस रेघा पडतात. दोन रेघांत पाऊण मीटर अंतर. इंजिन चोवीसशे फेऱ्यांवर, पूर्ण थ्रॉटलवर असेल तर सेकंदाला ऐंशी रेघा. अंतर तीस-एकतीस सेंटिमीटर.

चौकशी करणारा माणूस कडेला वाकून टेप लावतो तेव्हा त्याला हेच बघायचं असतं. पाऊण मीटर आलं तर विद्यार्थी शेवटपर्यंत विमान बसवायच्या प्रयत्नात होता. तीस सेंटिमीटर आलं तर त्यानं थ्रॉटल पुढे केला होता, पण नाकाचा पाय त्याच्या आधीच गेला होता. आणि सुरुवातीच्या रेघा दूर दूर, पुढच्या एकदम जवळ जवळ असतील, तर हात कोणत्या मीटरवर पुढे गेला तेही तिथे कोरलेलं असतं. पुढच्या सोलोच्या आधी त्या क्लबात वर्ग घेतला जातो, तो बहुतेक वेळा याच मीटरवर.